हेलसिंकी–टोकिओ विमानमार्ग

हेलसिंकी–टोकिओ विमानमार्ग : फिनलंडमधील हेलसिंकी-वांटा व जपानमधील नारिता या विमानतळांना जोडणारा लांब पल्ल्याचा हवाई मार्ग. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील किमान अंतर त्यांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लहान कंसावर मोजतात. या विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन सु. ७०·४° येतो. एका अंशाचे अंतर सु. १११·२ किमी. असल्याने हे अंतर सु. ७,८३० किमी. भरते. सपाट नकाशावर ही रेषा उत्तरेकडे वाकलेली दिसते. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळची असून तिचा बहुतेक भाग रशियावरून जातो.

शीतयुद्धाच्या काळात या प्रदेशावरून उड्डाण करण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे यूरोपातून जपानला जाणारी अनेक विमाने अलास्कातील अँकरिज येथे इंधन घेत. कोपनहेगन–अँकरिज–टोकिओ ही सेवा १९५७ मध्ये सुरू झाली. फिनएअर या कंपनीने १९८३ मध्ये डीसी-१० जातीच्या विमानांनी उत्तर ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी यांवरून हेलसिंकी–टोकिओ अशी विनाथांबा सेवा सुरू केली. या प्रवासास सु. १३ तास लागत. पुढे सायबेरियावरून उड्डाण करण्यास परवानगी मिळाल्यावर हा काळ साडेनऊ ते दहा तासांवर आला. यूरोप व पूर्व आशिया यांमधील जवळच्या वाटेवर असणे, हा हेलसिंकीचा मोठा व्यापारी लाभ ठरला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर यूरोपीय संघाने रशियन विमानांना आणि रशियाने यूरोपीय विमानांना आपापले हवाई क्षेत्र बंद केले. परिणामी ध्रुवावरून अथवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे वळसा घेणे भाग पडले व प्रवासकाल पुन्हा सु. १३ तास झाला. ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी या मार्गाचे गणिताने येणारे किमान अंतर सु. १०,६०० किमी. आहे; कॅमचॅटका द्वीपकल्प टाळावयाचा असल्याने प्रत्यक्ष अंतर त्याहूनही अधिक होते. वाढीव अंतरामुळे इंधन व कर्मचारी यांवरील खर्च वाढतो आणि जादा इंधनाच्या वजनामुळे मालवाहतुकीची क्षमता घटते. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचे नसते. तसेच विमानाचे इंधन गोठणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. जेट ए-१ या इंधनाचा गोठणबिंदू −४७° से. वा त्याहून कमी असतो.

प्रवासकाल केवळ अंतरावर अवलंबून नसतो. मध्य अक्षांशांवरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने सरळ मार्गावर टोकिओकडे जाताना सामान्यतः कमी, तर परतताना अधिक वेळ लागतो. घड्याळातील फरकही विचारात घ्यावा लागतो. हिवाळ्यात जपानची प्रमाणवेळ फिनलंडच्या सात तास पुढे असते. उन्हाळ्यात हा फरक सहा तासांचा होतो. हिवाळ्यात हेलसिंकीहून सायंकाळी ५ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी टोकिओस पोहोचले, तर तेथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९·३० वाजलेले असतात.