एआरटीची गोळी सुरू, दारूही सुरू. मग हाडांचे काय?

अहिल्यानगर-पुणे महामार्गावरील सुपा म्हणजे एमआयडीसी, पाळीत काम करणारे कामगार, रात्रंदिवस धावणारे मालट्रक आणि ढाबे. पारनेर तालुक्याला दारूचा प्रश्न नवा नाही. राळेगणसिद्धीने अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली गावातून दारू हद्दपार केली, तर निघोजच्या महिलांनी दारूबंदीसाठी लढा दिला. दारूमुळे संसार मोडतो, यकृत खराब होते, हे सर्वांना माहीत आहे. हाडांचा विषय मात्र सहसा निघत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी तो समजून घेणे गरजेचे आहे.

आताच हा प्रश्न का?

देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. नियमित गोळी घेणारी व्यक्ती आज उतारवयापर्यंत जगू शकते. आयुष्य वाढले, तसे वयाबरोबर येणारे हाडांचे दुखणेही आले.

हाडे कमकुवत का होतात?

जुने हाड झिजणे आणि नवे बनणे, हे शरीरात सतत सुरू असते. एचआयव्हीमुळे शरीरात राहणारा दाह हा तोल बिघडवतो. त्यात टीएलडी गोळीतील टेनोफोविरमुळे उपचाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के घटू शकते. पुढे ती बहुतेकांमध्ये स्थिरावते. तरीही गोळीचा फायदा या तोट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दारूने काय बिघडते?

दारू नवे हाड बनवणाऱ्या पेशींना मंदावते. जेवण कमी होते, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व अपुरे पडते. तोल जाऊन पडल्यास आधीच कमकुवत झालेले हाड मोडते. अमेरिकेत बोस्टन येथे एचआयव्हीसह जगणाऱ्या व व्यसनाची समस्या असलेल्यांच्या अभ्यासात, मद्यपान वाढल्यावर हाड बनण्याची रक्तातील खूण कमी झाल्याचे दिसले. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते निकामी होण्याचा धोकाही एचआयव्ही आणि दारू या दोन्हींमुळे वाढतो.

किती दारू म्हणजे जास्त?

हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या 'फ्रॅक्स' पद्धतीत रोज ३ किंवा अधिक युनिट दारू हा धोक्याचा घटक मानला जातो. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साडेसातहून अधिक युनिट असतात. म्हणजे रोजची 'नाइन्टी'सुद्धा ही मर्यादा ओलांडते.

काय करावे?

• दारू प्यायली म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवू नका. हाडांच्या भीतीनेही ती स्वतःहून बंद करू नका. पर्यायी औषधाचा निर्णय डॉक्टर घेतील.

• कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असाल तर एआरटी केंद्रात सांगा. रिकाम्या पोटी एकत्र घेतल्यास टीएलडीतील डोलुटेग्राविर नीट शोषले जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात किंवा टीएलडी २ तास आधी अथवा ६ तासांनंतर घ्यावी.

• जांघेत किंवा खुब्यात सतत दुखत असेल, चालताना लंगडत असाल तर अंगावर काढू नका.

• पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पाळी बंद झालेल्या महिलांनी हाडांच्या घनतेच्या 'डेक्सा' तपासणीबद्दल विचारावे.

• रोज जास्त पिणाऱ्यांनी दारू एकदम सोडू नये. थरथर, झटके येऊ शकतात. वैद्यकीय मदतीने सोडावी.

हाडांच्या डॉक्टरांना एआरटी आणि दारू, दोन्हींची माहिती दिली तरच योग्य उपचार होतात. ही माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घातले आहे. एचआयव्हीविषयी मोफत सल्ल्यासाठी १०९७ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.