दुकानातला संगणक सुरूच होत नाही, तेव्हा

महिन्याची १० तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरण्याची मुदत संपणार आणि संगणकाचा पडदा काळा! अशा वेळी माणूस घाबरतो आणि जो मेकॅनिक प्रथम भेटेल त्याच्या हवाली मशीन करून मोकळा होतो. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने हेच केले. मेकॅनिकने पाच मिनिटे पाहिले व म्हणाला, "चाचा, विंडोज खराब झालीय. फॉरमॅट मारावा लागेल." चाचांनी उत्तर दिले, "मार बाबा, पण आज चालू करून दे." संध्याकाळी संगणक सुरू झाला खरा, पण तीन वर्षांची बिले आणि गिऱ्हाइकांची सारी उधारी पुसली गेली होती. आठवडाभरात तोच संगणक पुन्हा बंद पडला. मूळ दोष हार्ड डिस्कच्या सैल केबलचा होता, हे तेव्हा उघडकीस आले.

म्हणून व्यापारी व कारखानदार बंधूंनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. संगणक बंद पडणे आणि हिशेब नष्ट होणे या दोन निराळ्या बाबी आहेत. हिशेब असतो हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. वीजपुरवठा, मेमरी किंवा मदरबोर्ड बिघडला तरी डिस्कवरील नोंदी बहुधा जागच्या जागी असतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्या उतरवून घेता येतात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा फॉरमॅट हा पहिला इलाज नव्हेच. आधी मशीन नेमके कुठे अडते ते पाहावे.

दिवा नाही, पंखा नाही

बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली असेल तर संगणक थेट भिंतीतील थ्री-पिन सॉकेटला जोडावा. कॅबिनेटच्या मागे, केबल बसते तिथे एक छोटा स्विच असतो. झाडझूड करताना तो बंद होतो आणि मग मेकॅनिकची व्हिजिट फुकट जाते. हे सारे ठीक असेल तर केबल काढून पॉवरचे बटण १५-२० सेकंद दाबून धरावे, मग केबल लावून पुन्हा प्रयत्न करावा. साठून राहिलेली वीज निघून गेल्यावर पुष्कळदा मशीन उठते.

एवढ्यानेही काम झाले नाही तर एसएमपीएस, अर्थात वीज पुरवणारा डबा, बदलून पाहावा लागतो. तो स्वतः उघडू नये. केबल काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

पंखा फिरतो, चित्र नाही

आधी मॉनिटरची केबल पाहावी. निराळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच हवी, मदरबोर्डाच्या सॉकेटात नव्हे. त्यानंतर पाळी रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. कापसाचे तंतू हवेबरोबर कॅबिनेटमध्ये ओढले जातात, पंख्यावर व खाचांमध्ये त्यांचा थर बसतो. कोकणच्या पावसाळी हवेत सांध्यांवर गंज चढतो तो वेगळाच. केबल काढावी, कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावावा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी. तिच्या सोनेरी कडा शाळकरी मुलांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून रबराचा चुरा झटकावा आणि टक् असा आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे वाईट कोणती ते कळते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

मशीन 'बीप बीप' करत असेल तर बीप मोजून कागदावर लिहावेत. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या मदरबोर्डागणिक वेगळा असतो, पण जाणकाराला फोनवर तेवढी खूण पुरते. सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल तर प्रोसेसर तापतो आहे का, हे तपासून घ्यावे.

डिस्क सापडत नाही

'बूट डिव्हाइस' मिळत नाही अशी सूचना आली तर प्रथम अडकवलेला पेन ड्राइव्ह काढावा. मशीन कधीकधी त्यातच विंडोज शोधत बसते! नंतर डिस्कच्या दोन्ही केबल दाबून बसवाव्यात. घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे. त्यामुळे मशीन आपल्या सेटिंग्ज विसरते आणि काही प्रोग्रॅममध्ये बिलांवरही चुकीची तारीख पडते. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. दर खेपेस नुकसान वाढते.

विंडोज अडली तर

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. विमानतळ, बँका, इस्पितळे ठप्प झाली. मशीन धड होते, डिस्कही धड होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की संगणक उठत होता. सांगायचे इतकेच की, निळा पडदा दिसला म्हणजे सर्व संपले असे नव्हे. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होताना लागोपाठ दोन-तीन वेळा अडथळा आला की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातील 'स्टार्टअप रिपेअर' व सेफ मोड आधी वापरावेत. 'रीसेट' मात्र शेवटी. त्यात फाइली ठेवण्याचा पर्याय निवडला तरी बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात, आणि हिशेब प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच असेल तर तोही जाऊ शकतो.

नव्या संगणकांत आणखी एक पेच आहे. विंडोज ११ मध्ये डिस्कला पुष्कळदा बिटलॉकरचे कुलूप असते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे जोडली की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला, त्या खात्यात असते. ते खाते मुलाच्या किंवा मेकॅनिकच्या ईमेलवर उघडले असेल तर आजच चौकशी करून किल्ली वहीत उतरवून घ्यावी.

मशीन दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्यावे : 'डाटा कॉपी केल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' बदललेला जुना भागही परत मागावा. हिशेबाची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला लावून न ठेवता काढून घरी न्यावी, कारण विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही सुटत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही पाहावे.