तारेला वाली कोण?

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणलं, मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ‘ट्राय बँड’. दोन्ही घरातल्या फोनच्या तांब्याच्या तारेवरून चालायची. इकडे गल्लीतला केबलवालाही टीव्हीच्या जोडीने नेट देऊ लागला होता. भरवशाचं कोणतं, फोनचं की केबलचं, हा वाद तेव्हापासून सोसायट्यांमध्ये चालत आला.

फोनवरच्या आवाजाला ४ किलोहर्ट्झ पुरतात. या तारेवरून नेट देण्याची ‘एडीएसएल’ ही पद्धत त्याच तारेवर आवाजाच्या वरची, १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरते. पण जितकी वरची लहर, तितकी ती तांब्यात लवकर विरते. त्यामुळे एक्स्चेंजशेजारचं घर सुखात आणि पाच किलोमीटरवरचं रडत. जमेची बाजू अशी, की एक्स्चेंजपर्यंतची तार एकट्या तुमची असते, शेजाऱ्याशी वाटून घ्यावी लागत नाही.

तिची खरी परीक्षा पावसाळ्यात. जमिनीखालच्या जोडात पाणी शिरलं की आधी फोनवर खरखर येते. बोलणं होतंय म्हणून कुणी तक्रार करत नाही. तिकडे मोडेमवरचा दिवा मात्र लुकलुकू लागतो. गोंगाट वाढला की मोडेम जोडणी सोडतो, एक्स्चेंजशी नव्याने संधान बांधतो आणि कमी वेगावर स्थिरावतो. फोनच्या दोन तारांच्या जोडीतली एक तार तुटली तर फोन ठप्प होतो, पण नेट कधी कधी रखडत का होईना, चालूच राहतं! फोनवरून नेटची तब्येत ओळखता येत नाही, ती अशी. दुरुस्ती तशी साधी असते. लाइनमन तारा जोडलेली पेटी, म्हणजे डीपी, उघडतो, हिरवी पडलेली टोकं कापतो, तार सोलून नवा जोड देतो. मात्र तो यायला हवा.

केबलचं गणित निराळं. टीव्हीच्या जाड कोॲक्स तारेवरून नेट देण्याची ‘डॉक्सिस’ ही पद्धत १९९७ ची. तिची क्षमता तांब्याच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त, पण ती सगळ्या वस्तीत वाटली जाते. घराकडून केबलवाल्याकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेवर तर घराघरातला गोंगाट नाल्यातल्या पाण्यासारखा एकत्र येतो, एका घरातला सैल कनेक्टर साऱ्या गल्लीला छळतो. तरीही अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०११ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा गर्दीच्या वेळी डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं नेट, जाहिरातीतल्या वेगाच्या ८२ टक्के देत होतं, केबल ९३ टक्के.

हा निकाल जसाच्या तसा आपल्याला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ‘केबलचं नेट’ म्हणजे पुष्कळदा गच्चीवरून गच्चीवर टाकलेली लॅनची वायर. ती शंभर मीटरच्या पुढे टिकत नाही, म्हणून मध्ये इमारतींच्या जिन्यांत स्विच बसवावे लागतात, आणि त्यांना वीज त्या त्या इमारतीची. चार इमारती पलीकडचे दिवे गेले की तुमच्या घरात इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद. विजांच्या कडकडाटात या स्विचची पोर्टं जळतात. डीएसएलला मात्र घर आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये सहसा कुठे वीज लागत नाही, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात, जनरेटर असतो. भारनियमनाच्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

एवढं असूनही लोक तांब्याची तार सोडून गेले, आणि त्याला केवळ वेग कारण नव्हता. केबलवाल्याला फोन केला की संध्याकाळपर्यंत त्याचा पोरगा शिडी घेऊन दारात. सरकारी लाइनमनची वाट पाहावी लागे. पुढे जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच वेळी बाहेर पडले. तारा जमिनीत तशाच राहिल्या, कोणता जोड कुठे आहे हे पाठ असलेली माणसं गेली. तांब्याच्या तारेपेक्षा तिच्या देखभालीने आपल्याला दगा दिला, असं मला वाटतं.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २००६ च्या नियमांनी सेवा ९८ टक्के वेळ चालू हवी आणि नव्वद टक्क्यांहून जास्त तक्रारी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत सुटायला हव्यात, असं बंधन घातलं. ९८ टक्के ऐकायला भरभक्कम वाटतं, पण तीस दिवसांच्या महिन्यात उरलेले दोन टक्के म्हणजे चौदा तासांहून जास्त काळ नेट बंद. घरून नोकरी करणाऱ्याला हे परवडणारं नाही.

आता फायबर आलंय. काचेला गंज चढत नाही, पण रस्ता खोदणारा जेसीबी तिलाही सोडत नाही. म्हणून नवी जोडणी घेताना एमबीपीएसच्या आधी विचारा, की वाटेतल्या पेट्यांना बॅटरी आहे का आणि बिघाड झाल्यावर माणूस किती वेळात येतो. आणि नेट गेलं की तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जरूर घ्या. तोंडी सांगितलेला बिघाड कुठल्याच टक्केवारीत मोजला जात नाही.