चर्च छोटं, मान मोठा : नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची गोष्ट

मलाजखंड (जि. बालाघाट) : दवाखाना असो की कॉलेजची अ‍ॅडमिशन, आपल्या भागातल्या माणसाला नागपूर चुकत नाही. तिथल्या सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे खूप मोठं चर्च, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, ते कॅथेड्रल. मग इमारत लहान का असेना.

ऑल सेंट्सची सुरुवात छोट्या चर्चपासूनच झाली. ते 1851 मध्ये बांधलं गेलं. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. संस्थान खालसा झालं ते 1854 मध्ये. मग त्याआधीच इथे इंग्रजी चर्च कसं? तर नागपुरात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि जवळच कामठीला लष्करी छावणी होती. त्या छावणीत मद्रासचं सैन्य असे. म्हणून चर्चचा आराखडाही मद्रास इंजिनिअर्सच्या रिचर्ड सँकी या तरुण अधिकाऱ्याने केला. तेव्हा तो जेमतेम 22 वर्षांचा होता. पुढे बंगळुरूची ‘अठरा कचेरी’ यानेच उभारली. तिथला सँकी तलावही त्याच्याच नावाचा.

इमारतीची शैली गॉथिक. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडच्या गावोगावी याच धाटणीची चर्च बांधली जात होती. वर टोक असलेली कमान ही तिची खूण. अर्धगोल कमान भिंतींना बाहेर जास्त रेटते. टोकदार कमानीत वजन बरंचसं सरळ खाली उतरतं. उरलेला रेटा बाहेरून बांधलेले धिरे पेलतात. त्यामुळे भिंतीत उंच खिडक्या काढता येतात आणि आत उजेड येतो. लोक बसतात तो लांब भाग ‘नेव्ह’ आणि वेदीकडचा भाग ‘चॅन्सेल’. वेदी शक्यतो पूर्वेला ठेवायची, असा जुना रिवाज.

पुढे चर्चचा विस्तार झाला. त्याचं काम इंग्लंडचे नामांकित वास्तुकार जी. एफ. बॉडली यांचं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलच्या पहिल्या आराखड्यातही हेच बॉडली होते.

1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी बनलं. 1867 मध्ये आपला बालाघाट जिल्हा झाला आणि 1956 पर्यंत आपला कारभार नागपूरहूनच चालला. राजधानीचं महत्त्व वाढलं तसं चर्चचंही वाढलं. 1903 मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाले, आयर चॅटरटन. गोऱ्या साहेबांचं हे चर्च कॅथेड्रल झालं.

पण इंग्रज गेले म्हणून त्याची गोष्ट संपली नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळे चर्चपंथ एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली, तीही नागपुरातच, याच कॅथेड्रलच्या साक्षीने. साहेबांनी स्वतःसाठी बांधलेली वास्तू अशी इथल्या माणसांची झाली.

पुढच्या वेळी नागपूरला गेलात, तर सदरकडे एक चक्कर मारा. प्रार्थना सुरू असेल तर थोडं थांबा आणि मग त्या कमानींकडे मान वर करून नक्की बघा.