उताऱ्याची भाषा

बेळगाव तालुक्यातला आमचा शेतकरी सकाळी भाताच्या शिवारात, तर दुपारी आपल्या पिठाच्या गिरणीवर असतो. गिऱ्हाइकाशी तो कन्नडही सहज बोलतो. त्या भाषेशी त्याचे वैर नाही. अडते ते कागदावर. शेताचा उतारा आणि नोटीस कन्नडमध्ये. मजकूर समजेपर्यंत हरकतीची मुदत टळते. २०२४ च्या कायदादुरुस्तीने गिरणीच्या पाटीवरही ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले. मात्र घटनेच्या ३५० व्या कलमानुसार देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. म्हणून आम्ही शिक्षक व समितीचे कार्यकर्ते सांगतो : अर्ज मराठीत द्या, पोच घ्या आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. जमीन राहिली, तरच गावात भाषा राहील.