दाबोळीचे पंखवाले घोडे

वास्कोला माझी मावशी राहते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावहून तिच्याकडे गेलो की डोक्यावरून घरघरत जाणारी चार पंख्यांची मोठी विमाने पाहणे हा आमचा मुख्य उद्योग. शेजारच्या कानडी अज्जी ‘विमान बंतु!’ म्हणून हाक द्यायच्या आणि आम्ही गच्चीकडे धावायचो. ती विमाने नौदलाच्या ३१५ स्क्वाड्रनची, हे पुष्कळ उशिरा कळले.

१९७६ पर्यंत समुद्रावरची लांब पल्ल्याची टेहळणी हवाई दलाकडे होती. त्या वर्षी ती नौदलाकडे आली, आणि एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारी ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमाने दाबोळीला आली. त्यातले एक तिथल्या नौदल संग्रहालयात ठेवले आहे. मुलांना जरूर दाखवा. पाठोपाठ १ ऑक्टोबर १९७७ रोजी सोव्हिएत बनावटीच्या इल्युशिन-३८ विमानांची ३१५ स्क्वाड्रन उभी राहिली. नाव ‘विंग्ड स्टॅलियन्स’, म्हणजे पंखवाले घोडे.

यांचे काम मोठे चिकाटीचे. पाणबुडीचा संशय आला की विमानातून समुद्रात सोनोबॉय टाकायचे. ते पाण्याखालचा आवाज टिपून रेडिओने वर पाठवतात. विमानाच्या शेपटीला एक लांब दांडा असतो. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा बारीकसा फरक त्यातले यंत्र ओळखते. मी भाषेचा मास्तर, पण आवाजावरून माग काढण्याची ही विद्या मला फार आवडते.

१ ऑक्टोबर २००२ हा स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाचा दिवस. त्या निमित्ताने उड्डाण करणारी दोन इल्युशिन विमाने दाबोळीजवळ आकाशातच एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले बाराही जण गेले. अवशेष वस्तीत पडून जमिनीवरचीही काही माणसे दगावली. मी तेव्हा एम.ए. करीत होतो. मावशीला फोन लावला, तर तिला बोलवेना.

ताफ्यात मुळात पाचच विमाने, त्यातली दोन एका सकाळी गेली. तरीही स्क्वाड्रन मोडली नाही. रशियाकडून आणखी विमाने आली, ‘सी ड्रॅगन’ ही नवी टेहळणी यंत्रणा बसली, आणि इल्युशिन पुढे २१ वर्षे उडत राहिली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी दाबोळीला त्यांना निरोप देण्यात आला.

२०२२ पासून तिथे पी-८आय विमानांची ३१६ स्क्वाड्रन आहे. ही जेट विमाने. त्यांना ती जुनी घरघर नाही. गेल्या दिवाळीत माझा मुलगा गच्चीवरून ओरडला, ‘आजी, विमान!’ मावशी करंज्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.