परीक्षेत सवलत मिळते, मधल्या सुट्टीत काय?

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. पण मधल्या सुट्टीत डबा खायला सोबत कुणीच नसेल, तर? गुणपत्रिकेत न दिसणारी ही अडचण कशी सोडवायची, ते समजून घेऊ.

असं का होतं?

डिस्लेक्सिया, डिसग्राफिया किंवा डिसकॅल्क्युलिया म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. मात्र यातल्या काही मुलांना चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला चढउतार, चेष्टा आणि टोमणा यांतला फरक चटकन कळत नाही. समोरच्याचं बोलणं समजून उत्तर जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. इतर मुलं हे बघून बघून शिकतात. या मुलांना ते गणितासारखं पायरीपायरीनं शिकवावं लागतं.

'सोशल ऑटोप्सी' म्हणजे काय?

अमेरिकेतले विशेष शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड लव्हॉय यांनी मांडलेली ही पद्धत. नाव विचित्र वाटेल, पण हेतू साधा आहे: दोष न देता कारण शोधायचं. समजा, चालू खेळात घुसून मुलानं बॅट हिसकावली आणि इतरांनी त्याला हाकललं. अशा वेळी शक्य तितक्या लवकर, बाजूला घेऊन, या ५ पायऱ्या घ्या.

१. काय झालं, ते त्यालाच सांगू द्या. मध्ये टोकू नका.

२. कुठे चुकलं असं वाटतं, ते विचारा.

३. खरी चूक शोधायला मदत करा. 'त्यांना मी आवडत नाही' असं तो म्हणेल. खरं कारण, त्यानं पाळीची वाट पाहिली नाही.

४. तसाच दुसरा प्रसंग द्या: 'घसरगुंडीवर रांग असेल तर काय करशील?'

५. छोटा गृहपाठ द्या: 'उद्या खेळायला जाताना आधी विचार, मी कितव्या नंबरला?'

काय टाळायचं?

चारचौघांत ओरडणं आणि 'नीट वाग' एवढंच सांगणं. नीट म्हणजे नेमकं कसं, हेच त्याला कळलेलं नसतं. एखाद्या दिवशी सगळं जमलं, तर तेव्हाही विचारा: 'आज काय वेगळं केलंस?' काय जमलं हे कळलं, की ते पुन्हा करता येतं.

ही पद्धत आई-बाबा, आजी-आजोबा, वर्गशिक्षक, कुणीही वापरू शकतं. मूल सतत एकटं पडत असेल किंवा शाळेत जायला नकार देत असेल, तर मात्र विशेष शिक्षक किंवा समुपदेशकांशी बोला.